खवला आणि खूण : बेने इस्राएलांचा आहारविधी व वेष्टनावरील चिन्हे

अन्नाच्या वेष्टनावर छापलेला ‘कोशर’ हा शब्द नेमके काय सांगतो, हा प्रश्न वरवर व्यापाराचा वाटला तरी मुळात अर्थाचा आहे. हिब्रूतील ‘काशेर’ म्हणजे उचित. एस्तेरच्या ग्रंथात हा धातू येतो, परंतु तेथे अन्नाचा संबंध नाही. तो पुढे धर्मशास्त्र्यांनी जोडला. त्याचा प्रतियोगी ‘त्रेफा’ हा शब्द मूळचा श्वापदाने फाडलेल्या जनावराचा वाचक. तोही विस्तार पावून निषिद्ध अन्नमात्रास लागू झाला.

महाराष्ट्रात या विधिनिषेधाचे जुने पालनकर्ते म्हणजे कोकणातील मराठीभाषी बेने इस्राएल. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. दाविद राहबीने तेथील स्त्रियांपुढे मिश्र मासळी ठेवली असता त्यांनी पंख व खवले असलेली तेवढीच निवडून घेतली, आणि त्यावरून त्याने त्यांस यहुदी म्हणून ओळखले, अशी परंपरा आहे. राहबीच्या काळाविषयी मतभेद आहेत. कोणी त्यास अकराव्या शतकात नेतात, कोणी अठराव्यात आणतात. तथापि कथेचे मर्म कालनिर्णयावर अवलंबून नाही. बांगडा ग्राह्य, कोळंबी अग्राह्य, हे ठरविणारी खूण माशाच्याच अंगावर होती. मांसाच्या बाबतीत खूण नव्हती, पण जनावर विधिपूर्वक कापणारा माणूस ओळखीचा होता.

वेष्टनाने ही दोन्ही साधने हिरावली. हिंगोली जिल्ह्यातील सेनगावच्या शिवारात पिकणारी हळद स्वभावतः निर्दोष. परंतु भुकटीच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून एखाद्या कारखान्यात स्टिअरेट मिसळले, तर ते वनस्पतीच्या तेलाचे की जनावराच्या चरबीचे, हे डोळ्यांस कळत नाही.

आपल्याकडील शासकीय चिन्हे येथे अपुरी पडतात. हिरवा ठिपका शाकाहार सांगतो व दुधास त्यात सामावून घेतो. तपकिरी चिन्हाखाली (2020 च्या नियमांनी वर्तुळाऐवजी त्रिकोण आला) अंडे, खवल्याचा मासा आणि डुकराचे मांस एकत्र येतात. यहुदी शास्त्राने विभाग वेगळे पाडले आहेत: मांस, दूध, आणि दोहोंहून तटस्थ असे ‘पारवे’. अंडे व ग्राह्य मासा या तिसऱ्या वर्गात पडतात. दोन चिन्हांची व्यवस्था तीन पदांचा भेद व्यक्त करू शकत नाही; हा दोष छपाईचा नसून वर्गीकरणाचा आहे.

मग शब्दाचा अर्थ शासनानेच ठरवावा काय? न्यूयॉर्क राज्याने 1915 साली तसे करून पाहिले आणि कायद्यात सनातन यहुदी मताची कसोटी घातली. 2002 साली संघीय अपील न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. कारण यहुद्यांतच अर्थाविषयी एकमत नव्हते. 2004 पासून तेथे विक्रेत्याने प्रमाणित करणाऱ्याचे नाव उघड करावे, एवढीच अपेक्षा आहे. मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो.

आता काही हजारांवर आलेल्या बेने इस्राएलांस 2016 साली महाराष्ट्र शासनाने अल्पसंख्याक दर्जा दिला. पण इतक्या लहान समाजासाठी कोणता कारखानदार वेगळी खूण छापील? मांसाबरोबर दूध वर्ज्य, म्हणून त्यांच्या कालवणात नारळाचे दूध आले. चिकाचा हलवाही त्याच दुधाचा. बाजारात मिळणाऱ्या नारळाच्या दुधाच्या भुकटीत पुष्कळदा सोडियम केसिनेट असते, आणि ते गाईम्हशींच्या दुधातून काढलेले असते. तिच्यावर हिरवा ठिपका असतो व तो कायद्याने खराही असतो. गृहिणीस उपयोगी पडते ती घटकांच्या यादीखालची, ॲलर्जी असणाऱ्यांसाठी छापलेली बारीक ओळ: ‘दूध आहे’.