कलम, घोस्ट आणि एकाच ओळखीच्या दोन मशिनी

दिवाळीला घरी अमरावतीला गेलो होतो. बाबांच्या खोलीत कपाटाखाली आमचा होम सर्व्हर आहे, म्हणजे जुन्या डेस्कटॉपवर टाकलेलं प्रॉक्समॉक्स. त्यावर 'हिशोब' नावाची एक व्हर्च्युअल मशीन चालते. वरुडजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेचा तीन वर्षांचा जमाखर्च तिच्यात आहे. रोज रात्री अकोल्याला ताईच्या घरी ठेवलेला छोटा पीसी त्याची प्रत ओढून घेतो. एवढी सोय केली म्हणून मी स्वतःवर जाम खूश होतो. :)

सुट्टीत काहीतरी करून पाहायचं होतं. ज्या साच्यावरून 'हिशोब' काढली होती त्याच साच्यावरून अजून एक मशीन क्लोन केली, नाव दिलं 'प्रयोग'. दोन मिनिटांचं काम. दहा दिवसांनी ताईचा फोन, "अरे, इकडचं फोल्डर तर रिकामं दिसतंय!"

का, ते सांगतो. पण आधी थोडं मागे जाऊ.

'क्लोन' हा शब्द आपल्या धंद्यातला नाहीच. १९०३ साली हर्बर्ट वेबर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने तो ग्रीक भाषेतल्या डहाळीच्या शब्दावरून रूढ केला. एकाच झाडापासून कलमाने वाढवलेल्या झाडांना काय म्हणायचं, हा त्याचा प्रश्न होता. आणि हा माणूस मुळात संत्रा-लिंबूवाला! वरुड-मोर्शीकडे हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांमध्ये जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. मुळं जंबेरीची, वर मात्र मूळ झाडाची हुबेहूब नक्कल. (लिंक्ड क्लोन वापरणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही खालची मूळ डिस्क गेली की वरचं सगळं गेलं.)

व्हर्च्युअल मशीनसुद्धा वाटते त्याहून जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या केंद्रात जानेवारी १९६७ मध्ये सीपी-४० वापरात आली. एका मोठ्या संगणकावर १४ आभासी संगणक, प्रत्येकाला वाटावं की सगळं यंत्र आपलंच. १९७२ मध्ये तेच व्हीएम/३७० म्हणून बाजारात आलं. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून निघून गेली. माझ्या पिढीने ही कल्पना पाहिली ती थेट पीसीवर, १९९९ च्या व्हीएमवेअरनंतर. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये काही सूचना अशा होत्या की त्या आभासी मशीनमधून चालवल्या तर मधल्या मुकादमाला कळतच नसे. व्हीएमवेअरने त्या चालता चालता बदलून टाकायची युक्ती काढली. पुढे २००५ पासून प्रोसेसरमध्येच सोय आली आणि २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या कर्नलमध्ये आलं. माझं प्रॉक्समॉक्स त्याच्याच जिवावर चालतं.

पण नकलेचा त्रास मी त्याआधी पाहिला होता. कॉलेजच्या लॅबमध्ये एका पीसीवर विंडोज नीट बसवायचं आणि बाकी सगळ्यांवर 'घोस्ट मारायचा'! मग सर म्हणायचे, प्रत्येकाचा एसआयडी बदला. त्यासाठी न्यूएसआयडी नावाचं टूल होतं. ते लिहिणाऱ्या मार्क रुसिनोविचनेच २००९ मध्ये कबूल केलं की यातली बरीचशी भीती फुकाची होती, आणि ते टूल बंद झालं. तेव्हापासून मी हा विषय डोक्यातून काढून टाकला.

इथेच फसलो. लिनक्समध्ये मशीन-आयडी नावाची एक फाइल असते. क्लोन केल्यावर नेटवर्क कार्डाचा पत्ता बदलला, ही फाइल तीच राहिली. डीएचसीपीला ओळख म्हणून तीच दिली गेली, त्यामुळे राउटरने दोघींना एकच आयपी दिला. अकोल्याचा पीसी 'हिशोब'ला हाक मारायचा आणि ओ द्यायची 'प्रयोग'. अशा वेळी एसएसएचने आरडाओरडा करायला हवा, त्याचसाठी होस्ट की असते. पण कीसुद्धा क्लोन झालेली! त्याला समोर ओळखीचाच चेहरा दिसला. 'प्रयोग'मधलं फोल्डर रिकामं, आणि आरसिंकला मी सांगून ठेवलेलं की तिकडे नसेल ते इकडून पुसून टाक. त्याने इमानदारीत पुसलं.

मूळ हिशोब वाचले. पण दहा दिवस ते फक्त त्या कपाटाखालच्या एका जुन्या डिस्कवर होते, आणि बँकेत पीककर्जाचे कागद द्यायचे होते त्याच महिन्यात. बाबांना हे सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

काका मात्र हसले. "डोयाच रोगी असन तं कलम काय चांगली निंगन, बाबू?" खरंच, डोळ्याबरोबर विषाणूही खुंटावर जातो. म्हणून नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन केंद्रात शेंड्याचं अगदी सूक्ष्म टोक घेऊन त्याचं कलम करतात आणि रोगमुक्त मातृवृक्ष तयार करतात.

शनिवारी साचा साफ केला. मशीन-आयडीची फाइल रिकामी केली, होस्ट की पुसल्या, म्हणजे प्रत्येक क्लोन पहिल्यांदा सुरू होताना स्वतःची ओळख स्वतः बनवेल. 'प्रयोग' उडवून त्या साच्यावरून नव्याने काढली. 'हिशोब'ची ओळखही बदलली. रात्री अकोल्याचा पीसी अनोळखी की पाहून अडून बसला आणि ताईला 'हो' टाइप करायला उठवावं लागलं. प्रत पूर्ण व्हायला पहाटेचे तीन वाजले.