आजीचा फोटो आणि पंचवीस हजारांचं बजेट

आमच्या घरात आजीचे एकूण दोन फोटो आहेत. एक मतदार ओळखपत्रावरचा, त्यात ती स्वतःसारखी सोडून बाकी कुणासारखीही दिसते. दुसरा काकाच्या लग्नातला. त्यात ती चौदा माणसांच्या मागे उभी आहे आणि अर्धा चेहरा पदराआड आहे.

आजोबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला फोटोच नव्हता. मग असाच एक लग्नातला घोळका घेऊन वडील जालन्याला गेले. स्टुडिओवाल्यानं त्यातून आजोबांचं डोकं वेगळं केलं, मोठं केलं आणि खाली कोट-टाय चढवला. आजोबांनी जन्मात कधी कोट घातला नव्हता. आज अंबड तालुक्यातल्या आमच्या घरात कोटातले एक अनोळखी गृहस्थ हार घालून बसलेत आणि आम्ही त्यांच्या पाया पडतो.

आजीच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हे मी मागच्या दिवाळीत ठरवलं. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. घराचं भाडं आणि बहिणीची फी वजा जाता हातात पंचवीस हजार रुपये होते. कॉलेजात असताना घेतलेला एक साधा डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स होती. घरात शिरणारा उजेड कमी, त्यामुळे फोटो एकतर हललेले यायचे किंवा दाणेदार. ज्याला विचारावं तो म्हणायचा, ‘बॉडी बदल, फुल फ्रेम घे.’ नवी फुल फ्रेम बॉडी म्हणजे माझ्या बजेटच्या कितीतरी पट.

कोडमध्ये काही अडलं की आम्ही लगेच मोठा सर्व्हर विकत घेत नाही. आधी अडतंय कुठे ते शोधतो. इथेही तेच करायचं ठरवलं आणि शोधत शोधत थेट १८३९ सालात पोचलो.

आधी लेन्स बदलली

त्या वर्षी पॅरिसमध्ये दागेरची फोटोग्राफीची पद्धत जाहीर झाली. इमारतींचे फोटो सुरेख यायचे, माणसांचे येत नव्हते. कारण साधं होतं. लेन्समधून उजेड इतका कमी जायचा की प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागायची. तितका वेळ न हलता बसणार कोण?

१८४०मध्ये व्हिएन्नातल्या जोझेफ पेट्झवाल या गणिताच्या प्राध्यापकानं खास चेहऱ्यांसाठी लेन्सचं गणित मांडलं. आकडेमोडीसाठी त्याला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक दिले होते असं सांगतात. म्हणजे ते त्याचे कॉम्प्युटरच. फोइग्टलेंडर कंपनीनं ती लेन्स बनवली. तिचं तोंड साधारण एफ/३.६ इतकं मोठं होतं. आधीच्या लेन्सा एफ/१५च्या आसपास होत्या. आकड्यांचं प्रमाण काढून त्याचा वर्ग केला की उजेडातला फरक कळतो. इथे तो सतरा पटींच्या घरात जातो. प्लेटवरची रसायनंही त्याच सुमारास सुधारली आणि मिनिटांचं काम सेकंदांवर आलं.

हाच हिशेब मी माझ्या कॅमेऱ्याला लावला. किट लेन्स ५५ मिलिमीटरला जास्तीत जास्त एफ/५.६ उघडते. ५० मिलिमीटर एफ/१.८ ही बाजारातली सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी एक. ५.६ भागिले १.८, आणि त्याचा वर्ग: जवळपास पावणेदहा पट उजेड. शिवाय माझ्या छोट्या सेन्सरवर ही लेन्स ७५-८० मिलिमीटरसारखं काम करते आणि चेहऱ्यासाठी नेमकं तेवढंच अंतर लागतं.

फुल फ्रेमचं काय मग? तिचा सेन्सर माझ्यापेक्षा क्षेत्रफळात सुमारे अडीच पट मोठा. फरक आहे, नाही असं नाही. पण एकोणिसाव्या शतकातली आठ बाय दहा इंची काच त्या फुल फ्रेमच्या साठ पट मोठी होती. तेव्हा मोठ्या काचेला कारणही होतं: निगेटिव्ह कागदाला चिकटवून उन्हात छापायची, त्यामुळे जेवढी काच तेवढाच फोटो. आज ती अडचण उरलेली नाही.

एका काचेवर आठ

पैशांचा प्रश्न फक्त फोटो काढणाऱ्याचा नव्हता, काढून घेणाऱ्याचाही होता. १८५४मध्ये पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरनं एका काचेवर आठ छोटे फोटो घ्यायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. काच तेवढीच, मेहनत जवळपास तेवढीच, फोटो आठ. व्हिजिटिंग कार्डाएवढे हे फोटो पुढे जगभर पोचले आणि मध्यमवर्गालाही चेहरा जपून ठेवणं परवडू लागलं. स्टुडिओत आपण पासपोर्ट फोटोंची आठाची शीट मागतो, ती याच हिशेबाची नातवंडं.

त्याच १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण मुंबईतल्या पहिल्या देशी व्यावसायिक फोटोग्राफरांपैकी एक ठरले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्याच काळातले फोटोग्राफर. म्हणजे ही कला आपल्याकडे फार उशिरा आली असं नाही. ती मुंबईहून आमच्या गावापर्यंत यायला मात्र शंभराहून जास्त वर्षं लागली.

निजामाचा इंजिनिअर

जालना १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. तेव्हा आमच्या खापरपणजोबांचा राजा म्हणजे सहावा निजाम महबूब अली खान, आणि त्याचा दरबारी फोटोग्राफर होता लाला दीनदयाळ. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण हा माणूस इंजिनिअर होता.

१८४४मध्ये मेरठजवळच्या सरधन्यात जन्म. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिक्षण, तेच आजचं आयआयटी रुरकी. मग इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी, काम नकाशे आणि अंदाजपत्रकांचं. तिशीत, १८७४च्या सुमारास, त्यांनी कॅमेरा हातात घेतला. इंदूरमधले ब्रिटिश अधिकारी सर हेन्री डॅली यांनी पाठबळ दिलं. पुढे सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर दौऱ्यावर जाऊन त्यांनी मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो काढले.

पण नोकरी? ती दहा-बारा वर्षं सोडली नाही. आधी लांब रजा काढली, जम बसतोय का पाहिलं, मग राजीनामा दिला. अंदाजपत्रकं करणारा माणूस दुसरं काय करणार! निजामाचा आश्रय, सिकंदराबादचा स्टुडिओ, १८९४मध्ये ‘राजा’ हा किताब, १८९६मध्ये मुंबईला स्टुडिओ, हे सगळं त्यानंतरचं.

त्यांच्या कामातली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून गेली नाही. १८९२मध्ये त्यांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायका परपुरुषासमोर फोटोला बसत नसत. यावर कुठलीही महागडी लेन्स चालणार नव्हती. दीनदयाळांनी उंच भिंतींचं आवार निवडलं आणि कॅमेऱ्यामागे मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईला उभं केलं. बायका आल्या.

ऊन आणि ढग

गावोगावी कॅमेरा नेला तो स्वस्त डब्ब्यांनी. आपल्याकडे त्यातला लाडका म्हणजे आग्फा क्लिक थ्री, बडोद्याच्या कारखान्यात बनलेला. एका रोलवर बारा चौकोनी फोटो, शटरचा वेग एकच, आणि उजेडासाठी दोनच खुणा: ऊन की ढग. बाकी काही बदलता येत नसल्यानं माणूसच जागा बदलायचा, किंवा समोरच्याला अंगणात आणून बसवायचा. तेव्हाच्या घरगुती फोटोंमध्ये सगळे अंगणात किंवा ओसरीत का दिसतात, याचं उत्तर त्या दोन खुणांमध्ये आहे.

अंबड तालुका, जानेवारी

माझा हिशेब असा झाला. जुनीच बॉडी. वापरलेली ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स, सहा हजार. थर्माकोलचे दोन मोठे तक्ते, उजेड परतवायला. खिडकीला बांधायला आईची जुनी पांढरी साडी. उरलेले पैसे राखून ठेवले.

पहिला दिवस फुकट गेला. लेन्स नवी म्हणून सगळे फोटो एफ/१.८वर काढले. इतक्या जवळून फोकसची पट्टी फार अरुंद होते. आजीचा कान लख्ख आणि डोळे धूसर. एफ/२.८वर आलो, खाट खिडकीजवळ ओढली, डाव्या अंगाला थर्माकोल उभा केला. आता सगळं बरोबर होतं, फक्त आजी बरोबर नव्हती. मान ताठ, ओठ मिटलेले, हात गुडघ्यांवर. जुन्या स्टुडिओत माणूस हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावायचे, तो तिला न लावताच लागला होता.

‘कामून काढायला रे एवढे फोटू? मी काय नवरी हे का?’

मला जनाना स्टुडिओ आठवला. कॅमेरा बहिणीच्या हातात दिला, सेटिंग पक्कं केलं, डोळ्यावर फोकस कसा धरायचा ते दाखवलं आणि मी गोठ्याकडे निघून गेलो. आतून बराच वेळ दोघींचा आवाज येत होता. काकाच्या लग्नात जेवण कमी पडलं होतं, तो किस्सा चालला होता बहुतेक.

त्यातला एक फोटो निवडला. आजीचा पदर खांद्यावर घसरलाय, ती खिडकीबाहेर बघतेय आणि हसू नुकतंच संपतंय. फोटो बहिणीचा आहे. मी फक्त लेन्स निवडली.

राखलेले पैसे छपाईत गेले. हा निर्णयही इतिहासानंच घ्यायला लावला. दीनदयाळांच्या स्टुडिओतल्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. माझ्या आधीच्या तीन फोनमधले फोटो मात्र कुठेच नाहीत. बातमी गल्लीत पसरली, तशी शेजारपाजारची म्हातारी माणसंही येऊन खाटेवर बसली. एकवीस जणांचे फोटो झाले. प्रत्येकाला एक आठ बाय दहाची प्रत दिली. पंचवीस हजारांतले थोडे उरलेसुद्धा.

आजीनं तिची प्रत दोन्ही हातांनी धरून उजेडात नेऊन बराच वेळ पाहिली. मला वाटलं, भिंतीवर लावायला सांगेल. तिनं फोटो जुन्या नऊवारीत गुंडाळला आणि पेटीत तळाशी ठेवला.

‘इथं हे, ध्यानात ठेव,’ म्हणाली. ‘कोट नको घालू म्हणावं मला.’