जादूच्या कंदिलापासून संगणकापर्यंत : व्याख्यानाच्या मथळ्याची कथा

व्याख्यान म्हणजे काय, हे वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना आम्ही सांगावे असे नाही. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने ही प्रथा सुरू झाली आणि पुढे ती गावोगाव रुजली. त्या काळी वक्त्याजवळ साधन एकच होते, ते म्हणजे वाणी. आज वक्त्याच्या पाठीमागे पडदा असतो, पडद्यावर एकामागून एक स्लाइड येते आणि प्रत्येक स्लाइडच्या डोक्यावर मथळा असतो. दीड तासाच्या व्याख्यानात अशा साठसत्तर स्लाइडी सहज होतात. इतक्यांना मथळे द्यावयाचे कसे, आणि एकच मथळा किती वेळा वापरावयाचा, हा प्रश्न वरवर कारकुनी दिसतो. आमच्या मते तो श्रोत्याच्या हक्काचा प्रश्न आहे. म्हणून त्याचा थोडा इतिहास येथे मांडण्याचे योजिले आहे.

आम्ही कामगार चळवळीतील माणसे. आमच्या अभ्यासवर्गाला येणारा श्रोता आठ तासांची पाळी संपवून येतो. कोणी वेळेवर येतो, कोणी अर्ध्या तासाने, तर कोणाचा मध्येच डोळा लागतो. अशा माणसाला मान वर करताच कळले पाहिजे की गाडी कोणत्या स्टेशनात उभी आहे. रेल्वेच्या फलाटावर एकाच गावाच्या नावाची पाटी चार-पाच ठिकाणी असते. उतारू कोणत्या डब्यातून बाहेर डोकावेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून ती योजना. व्याख्यानातील मथळ्याची पुनरावृत्तीही अशाच कारणासाठी असते.

ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. वारकरी कीर्तनकार एक अभंग निरूपणास घेतो. एकेक चरण उलगडताना तो दृष्टांत देतो, कथा सांगतो, दूरवर फिरून येतो. पण प्रत्येक फेरीअंती टाळकरी ध्रुवपद उचलतात आणि उशिरा येऊन बसलेल्यालाही कीर्तन कशावर चालले आहे ते उमगते. ध्रुवपद एकच, फिरून कानी पडते तेव्हा मात्र मधल्या निरूपणाने त्याचा अर्थ वाढलेला असतो. जेथे असा अर्थ वाढत नाही, तेथे लोक जांभया देतात.

आता पडद्याकडे वळू. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याने १६५९ च्या सुमारास जादूचा कंदील सिद्ध केला. काचेवर रंगविलेले चित्र दिव्याच्या प्रकाशाने आणि भिंगाच्या साहाय्याने भिंतीवर मोठे करून दाखवावयाचे, ही त्याची रचना. जवळजवळ दोन शतके या काचा हातानेच रंगविल्या जात. १८५० साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या लांगेनहाइम बंधूंनी काचेवर छायाचित्र उतरविण्याचे पेटंट घेतले आणि एका चित्राच्या अनेक प्रती काढणे शक्य झाले. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने हाताने रंगविलेल्या काचांचे जाहीर खेळ सुरू केले. चित्रे, निवेदन आणि संगीत यांचा तो मेळ होता.

या काळात मथळा ही महाग वस्तू होती. काचेवर अक्षरे काढणे हे कारागिराचे काम. सव्वातीन इंच चौरस काचेवर सुबक अक्षर उमटवावयाचे आणि ते पडद्यावर हातभर होऊन दिसावयाचे. जरा हात हलला तर चूकही हातभर दिसावयाची. त्यामुळे प्रत्येक चित्राला वेगळा मथळा हे परवडणारे नव्हते. वक्ता तोंडाने नाव सांगे आणि छडी आपटून पुढच्या काचेची खूण करी. मथळ्याची काच असलीच, तर तीच काढून पुन्हा लावावी लागे.

मथळ्याची सत्ता कोणाच्या हाती असते, हेही याच काळात दिसून आले. १९०२ साली इंग्रज सरकारने वसाहतींतील शाळांसाठी दृश्य शिक्षणाची एक समिती नेमली. तिच्यासाठी भूगोलवेत्ता हॅलफर्ड मॅकिंडर याने इंग्लंडविषयी सात व्याख्याने लिहिली आणि निरनिराळ्या वसाहतींसाठी त्यांच्या निरनिराळ्या आवृत्त्या निघाल्या. हिंदुस्थानावरची त्याची आठ व्याख्याने १९१० साली प्रसिद्ध झाली. त्यांसाठीची चित्रे ह्यू फिशर नावाच्या चित्रकाराने येथे हिंडून जमविली होती. एकदा तयार केलेली सामग्री अनेक ठिकाणी वापरण्याची ही मोठीच काटकसर होय. परंतु कोणत्या चित्राला काय म्हणावयाचे, हे ठरविणारा लंडनमध्ये बसलेला होता आणि ऐकणारा येथला शाळकरी मुलगा होता. मथळा एकदा ठरला की चित्राकडे कसे पाहावे हेही ठरते, ही गोष्ट चळवळीतील माणसाने विसरू नये.

पुढे काचेची जागा फिल्मने घेतली. १९६० नंतर कोडॅक कंपनीचे गोल थाळीचे यंत्र जगभर पसरले. थाळीत ८० खाचा असत आणि दर खेपेस ती एक घर पुढे सरके. तोच मथळा तीन ठिकाणी हवा असेल तर त्याच्या तीन प्रती करून तीन खाचांत बसवाव्या लागत आणि तेवढी चित्रे कमी होत. पुनरावृत्तीची किंमत अशी रोकडी मोजावी लागे. २००४ साली या यंत्राचे उत्पादन थांबले.

तोवर संगणकाने सारा हिशेबच बदलला होता. १९८७ च्या एप्रिलमध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी पॉवरपॉइंट बाहेर आले. रॉबर्ट गॅस्किन्स याची ती कल्पना. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. मथळ्याची जागा, अक्षर आणि आकार मूळ नमुन्यात एकदा ठरविले की सर्व स्लाइडींना ते लागू होतात, ही सोय आता घरोघर झाली आहे. २००३ च्या फेब्रुवारीत टिल टानटाऊ या जर्मन अभ्यासकाने आपल्या डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेसाठी ‘बीमर’ नावाची सामग्री तयार केली. तीत प्रकरणाचे नाव एकदाच लिहावे. ते अनुक्रमणिकेत, पानाच्या माथ्यावर, जेथे हवे तेथे आपोआप उमटते. मजकूर एका स्लाइडीत मावला नाही तर तोच मथळा क्रमांक घालून पुढे चालू ठेवण्याचीही सोय तीत आहे. मात्र कर्त्यानेच आपल्या माहितीपुस्तकात या शेवटच्या सोयीविरुद्ध कडक इशारा दिला आहे. प्रत्येक स्लाइड विचारपूर्वक रचावी, मजकूर आपोआप सांडू देऊ नये, असा त्याचा आशय.

हा इशारा किती मोलाचा आहे हे त्याच वर्षीच्या एका भीषण घटनेवरून दिसते. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया अवकाशयान उडाले तेव्हा इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान आकाशात असतानाच अभियंत्यांनी अधिकाऱ्यांपुढे स्लाइडी मांडल्या. त्यांपैकी एकीचा मथळा, जुन्या चाचण्यांवरून पाहता धोक्याचा अंदाज सावधपणेच बांधला आहे, अशा दिलासा देणाऱ्या अर्थाचा होता. त्याच स्लाइडीच्या तळाशी बारीक अक्षरांत निराळीच गोष्ट होती: चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा, आणि प्रत्यक्षातला अंदाजे १९२० घन इंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा. १ फेब्रुवारीस परतीच्या वाटेवर यान फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. अपघाताचे कारण पंखाला पडलेले भगदाड हे होय, स्लाइड नव्हे. तथापि चौकशी मंडळाला आपल्या अहवालात या स्लाइडीची दखल घ्यावी लागली. मथळा एक सांगत होता आणि मजकूर दुसरे.

ओतशाळेत काम केलेल्यांना आमचे म्हणणे चटकन पटेल. लाकडी पॅटर्न एकदा घडविला की त्यावरून शेकडो नग निघतात. पण पॅटर्न झिजला आहे काय हे जाणता कारागीर पुन्हा पुन्हा तपासतो. तो तपासला नाही तर शेकडो नग सारखेच चुकतात. मथळ्याचेही असेच आहे. म्हणून लांब व्याख्यान रचणाऱ्यांनी आमच्या मते एवढे पथ्य पाळावे. चित्रे जमविण्यापूर्वी सर्व मथळे एका कागदावर उतरावेत; तेवढे वाचून व्याख्यानाचा धागा कळला पाहिजे. भागाचे नाव एकाच ठिकाणी लिहून तेथूनच सर्वत्र घ्यावे, म्हणजे बदल एकदाच करावा लागतो. भागाचे नाव कायम ठेवावे, पण त्याखाली त्या त्या स्लाइडीचे म्हणणे एका ओळीत नव्याने लिहावे. एकच मुद्दा तीन स्लाइडींवर गेला तर १, २, ३ असे क्रमांक घालावेत, म्हणजे किती उरले ते श्रोत्याला दिसते. भाग बदलताना सर्व भागांची यादी पुन्हा दाखवून चालू भाग ठळक करावा. जुनी स्लाइड उचलून नवी केली असेल तर सर्वप्रथम तिचा मथळा तपासावा, कारण मजकूर बदलतो आणि मथळा जुनाच राहतो, हा दोष सर्वत्र आढळतो.

शेवटी आमच्या धंद्यातला एक प्रश्न विचारतो. यंत्राने श्रम वाचविले की आम्ही नेहमी विचारतो, वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला? काचेवर अक्षरे काढणाऱ्या कारागिराचे काम आज वक्ता एका बोटाने करतो. तो वाचलेला तास वक्त्याने आणखी वीस स्लाइडी वाढविण्यात घालविला, तर श्रोत्याच्या हाती काय आले? तो तास मथळा खरा आहे काय, हे पाहण्यात जावा. दिवसभर राबून समोर येऊन बसणाऱ्याचे वक्त्याकडे एवढे देणे लागते.