हळदीचे पेटंट आणि 'उघड' गोष्टीची कसोटी

सांगलीची हळदपेठ प्रसिद्ध. सांगली-साताऱ्याकडे कापले की जखमेवर हळद दाबतात, हे आपण जाणतोच. तरी या उपयोगाचे अमेरिकी पेटंट मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले! डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना 'सीएसआयआर'ने त्याला आव्हान दिले. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातील तोंडी ज्ञान ग्राह्य नव्हते. छापील पुरावाच हवा होता. जुने ग्रंथ, १९५३ चा एक वैद्यकीय लेख असे ३२ दाखले सादर झाले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

संगणकावरील संपादन-साधनांनाही हीच कसोटी: आधी माहीत असलेल्या गोष्टींवरून जाणकाराला ते सहज सुचले असते का? पाहिल्यावर सारेच सोपे वाटते. म्हणून तारखेसह नोंद हवी. परिसरातील अशा ज्ञानाच्या नोंदी आपण विद्यार्थ्यांकडून करून घेऊ या.