वाद्य घडवावे की विकत घ्यावे? – साइड ड्रमच्या इतिहासातून

शाळेच्या किंवा पोलिसांच्या बँडमध्ये कमरेशी तिरपा लटकविलेला, दोन काठ्यांनी वाजविला जाणारा जो ड्रम आपण पाहतो, त्याला आपल्याकडे साइड ड्रम म्हणतात. इंग्रजीत त्याचे दुसरे नाव स्नेअर ड्रम. हे वाद्य वादकाने स्वतः घडवावे की तयार विकत घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता हौशी मंडळींच्या गप्पांचा वाटेल. परंतु त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जी वस्तू आपण रोज हाताळतो, ती कशी होते हे आपणांस ठाऊक असण्याची काही गरज आहे काय? आम्ही येथे त्याचे उत्तर या एका वाद्याच्या इतिहासात शोधणार आहोत.

सामान्य समजूत अशी की, पूर्वी सर्वजण आपापली वाद्ये घडवीत. पुढे कारखाने आले आणि त्यांनी ही कला गिळून टाकली. समजूत सोयीची आहे, पण इतिहास मात्र काही निराळेच सांगतो.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊ. एक लाकडी किंवा धातूचे गोल खोड. आज त्याचा व्यास बहुधा १४ इंच आणि उंची ५ ते साडेसहा इंच असते. त्याच्या दोन्ही तोंडांवर पाने ताणलेली. वरच्या पानावर काठी पडते. खालचे पान अतिशय पातळ असते आणि त्याला चिकटून बारीक तारांचा एक पट्टा आडवा बसविलेला असतो. वर काठी पडली की आतली हवा खालच्या पानाला हलविते, ते पान तारांवर आपटते आणि तो ओळखीचा खरखरीत, कडक आवाज उठतो. तारा सैल सोडल्या तर तोच ड्रम साध्या ढोलासारखा बोलतो. म्हणजे या वाद्याचा सारा स्वभाव त्या तारांत आहे. पूर्वी तारांच्या जागी जनावरांच्या आतड्यांच्या ताती असत.

युरोपात हे वाद्य सैन्याबरोबर वाढले. सोळाव्या शतकात स्विस आणि जर्मन भाडोत्री पायदळाच्या पुढे बासरीवाला आणि ड्रमवाला चाले. फ्रान्समधील लांग्र येथील एका धर्मपीठाधिकाऱ्याने, त्वानो आर्बो या टोपणनावाने, १५८९ साली नृत्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सैन्याच्या ड्रमचेही वर्णन आहे. ते वाद्य सुमारे अडीच फूट उंच आणि तेवढ्याच रुंदीचे, दोन्ही तोंडांना चामडे, आणि ते दोऱ्यांनी ताणलेले, असे आहे. १६४२ साली रेम्ब्रांटने रंगविलेल्या ‘नाइट वॉच’ या विख्यात चित्रात उजव्या कडेला एक ड्रमवाला उभा आहे, तोही याच कुळातला.

त्या काळी ड्रम दोरीचा असे. खोडाच्या वरच्या आणि खालच्या कड्यांतून दोरी नागमोडी ओवलेली, आणि दोरीच्या प्रत्येक जोडीवर चामड्याची एक पट्टी. पट्टी खाली ओढली की दोऱ्या जवळ येत आणि पान ताणले जाई. दोरीत ओवलेल्या कड्या सरकवून ढोलकी चढविणाऱ्यास ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. १८३७ साली लंडनच्या कॉर्नेलियस वॉर्ड या वाद्यकाराने दोरीऐवजी आट्यांच्या सळ्यांनी पान ताणण्याची युक्ती काढली. सुतार आणि चांभार यांच्या जोडीला आता लोहारही आला. एकट्या माणसाने घरी बसून सारे वाद्य घडवावे, हे त्या दिवसापासून अवघड होत गेले.

यापुढची कथा मुख्यतः अमेरिकेत घडते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रॅनव्हिल या खेड्यात १८५४ साली सायलस नोबल आणि जेम्स कूली या दोघांनी लहान मुलांचे खेळण्यातले ड्रम करण्यास आरंभ केला. कोठे? तर नोबलच्या शेतघराच्या स्वयंपाकघरात! पहिल्या वर्षी त्यांनी ६३१ ड्रम केले. १८७३ साली हा आकडा वर्षाला एक लाखापर्यंत गेला. मधल्या काळात अमेरिकेचे यादवी युद्ध झाले आणि सैन्याच्या ड्रमांची मागणी वाढली. कारखाना म्हणून जे उभे राहिले, त्याचे मूळ घरच्या चुलीशेजारी होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढच्या पिढीत तर कारखान्यांचे जनक स्वतः वादकच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंडियानापोलिसच्या नाट्यगृहात युलिसीस लीडी नावाचा गृहस्थ ड्रम वाजवीत असे. वादकांच्या अरुंद जागेत ड्रम खुर्चीवर टेकवून वाजविण्याची त्या वेळी रीत होती. त्याने आपल्यापुरती एक घडीची तिवई केली. ती पाहून इतर वादकांनीही मागितली, आणि त्यातून विसाव्या शतकाच्या आरंभी वाद्यांचा एक मोठा कारखाना उभा राहिला. शिकागोचा विल्यम लुडविग याची कथाही तशीच. रॅगटाइम संगीताची द्रुत लय पायाने मोठा ड्रम वाजवून पेलण्याजोगे पावटे बाजारात मिळेना, म्हणून त्याने स्वतःच एक पावटे बनविले. १९०९ साली त्याने आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड याने दुकान काढले. यंत्रकामात वाकबगार असलेला त्यांचा मेहुणा रॉबर्ट डॅन्ली पुढे त्यांना येऊन मिळाला. लंडनमध्ये १९२२ साली अल्बर्ट डेला पोर्टा या ड्रमवादकाने जॉर्ज स्मिथच्या साह्याने ‘प्रीमियर’ ही कंपनी स्थापिली.

या तिन्ही उदाहरणांत एकच सूत्र दिसते. वादकाची अडचण होती. बाजारात तिच्यावर उपाय नव्हता. वादकाने तो स्वतःच्या हाताने केला. आणि मग तोच उपाय बाजारात गेला. म्हणजे आज ज्याला आपण ‘तयार माल’ म्हणतो, तो कोणा एका वादकाचा घरचा मालच होता. घरचे आणि बाजारचे यांत वैर आहे असे जे आपण मानतो, ते निदान या वाद्याच्या बाबतीत खरे नाही. त्यांचे नाते मायलेकरांचे आहे.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही केवळ हस्तकौशल्याचे गोडवे गाणारे ठरू. न्यू ऑर्लिन्सचा थोर जॅझवादक बेबी डॉड्स हा १८९८ साली जन्मलेला. लहानपणी ड्रम घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याने चरबीच्या रिकाम्या डब्याला भोके पाडून त्याचा ड्रम केला आणि खुर्चीच्या आडव्या दांड्यांच्या काठ्या केल्या. पुढे मजुरी करून जमविलेल्या पैशांतून त्याने खरी वाद्ये विकत घेतली. त्या डब्याचे कौतुक आपण आज करतो. पण त्या मुलाला डबा नको होता, ड्रम हवा होता. कारखान्याने ड्रम स्वस्त केला नसता, तर असे कितीतरी हात रिकामेच राहिले असते. गरजेपोटी घडविणे आणि आवडीपोटी घडविणे यांत अंतर आहे, आणि पोट भरलेल्यांनी ते विसरू नये.

आता चामड्याकडे वळू. कारण या वाद्याच्या इतिहासातील सर्वांत मोठे स्थित्यंतर तेथेच घडले. वासराच्या चामड्याचे पान दमट हवेत सैल पडे आणि कोरड्या हवेत इतके ताणले जाई की फाटण्याची भीती. नाट्यगृहातले वादक मोठ्या ड्रमच्या पोटात विजेचा दिवा लावून ठेवीत, तो चामडे कोरडे राहावे म्हणून. पान फाटले तर नवे कोरे चामडे आणून ते पाण्यात भिजवावयाचे, लाकडी कड्याभोवती त्याची कड चमच्याच्या दांड्याने हलकेच दुमडून खोचावयाची, आणि मग सावकाश वाळू द्यावयाचे. ड्रम कारखान्यातून आणलेला असला तरी हे काम वादक स्वतःच करी. म्हणजे विकत घेतलेल्या वाद्यातही वादकाच्या हाताचा वाटा उरला होता.

१९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेत चिक इव्हान्स आणि रेमो बेली या दोन वादकांनी – पुन्हा वादकांनीच! – पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्याची पाने बाजारात आणली. पावसाचा त्यांच्यावर परिणाम होईना. ती कड्यावर बसवूनच येत. फक्त सळ्या आवळल्या की झाले. ही सोय किती मोठी, हे आपल्यासारख्या भाद्रपदात मिरवणुका काढणाऱ्या लोकांना सांगावयास नको. ताशावरचे कातडे शेकून शेकून वाजविणारे वादक आपल्याकडे पुष्कळांनी पाहिले आहेत, आणि ढोलताशांवर फायबरची पाने कशी आली, हेही आपण पाहिले आहे. परंतु या सोयीची किंमतही पडली. चामडे भिजवून खोचण्याची जी विद्या बहुतेक प्रत्येक ड्रमवादकास येत असे, ती एका पिढीत मूठभर लोकांपुरती उरली. कोणी ती हिरावून घेतली नाही. तिची गरज संपली, म्हणून ती निघून गेली. विद्या बहुधा अशाच जातात, गाजावाजा न करता.

मग ९ फेब्रुवारी १९६४ चा दिवस उजाडला. त्या रात्री अमेरिकेत सुमारे सात कोटी लोकांनी दूरचित्रवाणीवर बीटल्स हे इंग्लिश वाद्यवृंद पाहिले. त्यांचा ड्रमवादक रिंगो स्टार ज्या मोठ्या ड्रममागे बसला होता, त्यावर ‘लुडविग’ हे नाव ठळक झळकत होते. मागणी इतकी उसळली की शिकागोचा कारखाना रात्रंदिवस चालवावा लागला. तयार वाद्याच्या विजयाचा हा कळस होय.

परंतु कथा येथे संपत नाही. एकसारख्या हजारो ड्रमांचा आवाजही एकसारखाच येऊ लागला, तेव्हा काही वादकांचे कान पुन्हा जुन्या खोडांकडे वळले. स्वयंपाकघरात जन्मलेल्या त्या ग्रॅनव्हिलच्या कारखान्याने १९८० नंतरच्या दशकात, एकाच अखंड फळीला वाफेवर मऊ करून वाकविलेल्या खोडाचे ड्रम करण्यास आरंभ केला. कॅलिफोर्नियाचा जॉनी क्रॅव्हिओटो – हाही मुळात वादक – याने तेच तंत्र स्वीकारून २०१६ साली मृत्यू येईपर्यंत मेपलसारख्या लाकडांचे नामांकित ड्रम घडविले.

आज एखाद्या हौशी माणसाने स्वतः ड्रम करावयाचे ठरविले, तर खोड, कडी, सळ्या, तारा आणि पाने हे सारे सुटे मिळते. ते किरकोळ भावाने जमविताना खर्च बहुधा तयार ड्रमच्या जवळपास जातो, कधी वरही जातो. कारण कारखाना घाऊक घेतो आणि आपण एकेक घेतो. म्हणून काटकसरीसाठी कोणी या भानगडीत पडू नये. मग लाभ कोणता? खोडाचा काठ सपाट काचेवर घासून सर्वत्र सारखा करावा लागतो. तो एके ठिकाणी जरी खाली राहिला तरी पान नीट सुरात बसत नाही. तारा जेथून जातात तेथे काठाला किंचित उतार द्यावा लागतो. कमी दिला तर तारा पानाला भिडत नाहीत, जास्त दिला तर पानाला सुरकुती पडते. ज्याने हे एकदा हाताने केले, त्याला पुढे कोणताही ड्रम बिघडला असता दोष कोठे आहे ते कानाने कळते. त्याने खर्चिलेल्या पैशाचा खरा मोबदला हा.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ. शिकणाऱ्याने ड्रम खुशाल विकत घ्यावा. त्यात कमीपणा नाही, कारण तो ड्रमही कोणा वादकाच्या खटपटीतूनच आलेला आहे. परंतु निदान एकदा तरी त्याने तो पुरता उकलावा, त्याचे पान काढावे, काठावरून बोट फिरवावे आणि पुन्हा जुळवावा. कारखान्याने वादकाचे कष्ट वाचविले, हे उपकारच झाले. मात्र जेथे बाजारात उपाय मिळाला नाही, तेथे लीडी, लुडविग आणि बेली यांनी तो केला, कारण वाद्याचे पोट त्यांना ठाऊक होते. ही जाण असलेली माणसे ज्या गावात चार-दोन तरी उरतील, त्या गावाला पुढच्या अडचणीसाठी परक्या बाजाराची वाट पाहत बसावे लागणार नाही.