जुन्या मोटारींचे मोल

नानाखेडा बसस्थानकावरून इंदूरची गाडी पकडली की माणूस जुन्या शिंदे संस्थानातून जुन्या होळकर संस्थानात जातो. ती सीमा आता उरली नाही. पण माळव्यातील मराठी घरांत दोन्ही दरबारांच्या आठवणी अजून निघतात. त्यांत मोटारींच्याही असतात. म्हणून जुन्या विलायती स्पोर्ट्स गाड्यांना आज मागितल्या जाणाऱ्या किमती रास्त आहेत काय, हा प्रश्न केवळ हौशी श्रीमंतांचा नाही. तो इतिहासाचाही आहे.

आधी लोखंडाचा हिशेब करू. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसवरून 'एम.जी.' हे नाव पडले. या कंपनीच्या 1955 च्या 'एमजीए' गाडीत 1489 सी.सी.चे इंजिन होते. त्याच घराण्यातले, तेवढ्याच क्षमतेचे इंजिन पुढे आपल्या अँबॅसडरमध्येही बसले. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला 2014 पर्यंत तयार होणारी ही गाडी मुळात मॉरिस ऑक्सफर्डचीच लेक. म्हणजे यंत्र पाहावे तर एक थोरली बहीण, एक धाकटी. तरीही दोघींच्या किमतीत अंतर आहेच!

हे अंतर नाणेसंग्राहकाला नवे नाही. शिवराई होनात सोने तीन ग्रॅमही नसते. पण त्याची किंमत सराफाच्या तराजूत होत नाही. दुर्मीळता, पूर्वपीठिका आणि अस्सलपणा यांनी ती ठरते. 1956 ची ल मान्सची शर्यत जिंकलेली जग्वार 'डी-टाइप' 2016 मध्ये 2 कोटी 17 लाख 80 हजार डॉलरना विकली गेली. उलट 1962 ते 1980 या काळात 'एमजीबी' पाच लाखांहून अधिक बनल्या. त्यांचे नवे सांगाडेसुद्धा पुन्हा तयार होऊ लागले. अशा गाडीला कोणी 'दुर्मीळ' म्हणून भाव सांगितला, तर हात जोडावेत हे बरे.

आता इंदूरकडे वळू. दुसरे यशवंतराव होळकर यांनी 1930 च्या दशकात अमेरिकी ड्यूसेनबर्गच्या यंत्रावर लंडनच्या गर्नी नटिंग कारखान्याकडून दोन आसनी बांधा चढवून घेतला. जगभरचे संग्राहक त्या गाडीला आजही इंदूरच्या महाराजांच्या नावानेच ओळखतात. तिच्या मोलात माळव्याचा वाटा आहे, तो असा.

आपल्याकडे 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ रूपातील गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये. सांगाडा, बांधा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातील अट. रोजच्या वापराला मात्र मुभा नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची.

तेव्हा वाहन म्हणून ही किंमत परवडत नाही, हे स्पष्टच आहे. शिवाय खरेदीनंतर दुरुस्तीचा खर्च सुरू होतो तो वेगळाच. पण सांगाड्यावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळत असेल आणि मालकांची परंपरा कागदोपत्री सिद्ध होत असेल, तर ती किंमत इतिहासाची आहे आणि ती द्यायला हरकत नाही. कागद नसतील, तर विकणारा फक्त गोष्ट विकतो आहे.

म्हणून वाचकहो, आजोबांची मोटार भंगारात गेली असेल, तरी त्यांच्या पेटीतले नोंदणीपुस्तक, जुन्या पावत्या आणि छायाचित्रे रद्दीत घालू नका. गाडी पुन्हा रंगवता येते. हरवलेला पुरावा पुन्हा घडवता येत नाही.