महसूल आणि तलफ

१८९३ साली इंग्रज सरकारने अफूवर शाही आयोग नेमला. १८९५ मध्ये निष्कर्ष आला: बंदीची गरज नाही. महसूल मोठा होता ना! बरोबर शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, गडचिरोलीत दारूबंदी झाली. तिच्यामागे ‘सर्च’च्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा अभ्यास होता, गावोगावच्या बायांचा रेटा होता. पण बंदीने दुकाने मिटतात, तलफ मिटत नाही. म्हणून २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ आले: गावसंघटना आणि जोडीला उपचार.

शेजारच्या चंद्रपुरातल्या बाया २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला पायी गेल्या. २०१५ मध्ये बंदी मिळाली. २०२१ मध्ये ती उठली. कारणांत अवैध दारूसोबत बुडालेला महसूलही होता. मला तो जुना आयोगच आठवला. आम्ही शायर मंडळी शराबवर दाद मिळवतो. त्या बायांपुढे तसला शेर म्हणायची माझी हिंमत नाही.